आजचं चिंतन : आधी बिल बघणारं मन



मागच्या वेळी माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना एक आजी कडेला बसलेल्या दिसल्या. चांगलीच धाप लागली होती. मी पाहिलं आणि लगेच नजर वळवली. हात दिला तर वरपर्यंत द्यावा लागेल, दुपारची गाडी चुकेल, एवढंच डोक्यात आलं. दहा पायऱ्या पुढे गेल्यावर मात्र मन म्हणालं, "बिचाऱ्या!"

मित्रांनो, आपल्याला दया येत नाही असं नाही. पण मन आधी बिल बघतं. वीस रुपयांत भागणार असेल तर पाझर फुटतो. वेळ, झोप, सुट्टी जाणार असेल तर डोळे आपोआप मोबाईलकडे वळतात. मग म्हणायला मोकळे, "अरे, दिसलंच नाही!"

त्याच माहुरात अनसूयामातेचं शिखर आहे. कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रह्मा, विष्णू, महेश भिक्षेकरी होऊन दारात आले आणि विवस्त्र होऊन वाढण्याची अट घातली. मान्य करावी तर पातिव्रत्य जाणार, नाकारावी तर अतिथी उपाशी जाणार. याहून मोठी किंमत कोणती? पण माउलीने तोंड फिरवलं नाही. तिने त्या तिघांकडे आईच्या नजरेने पाहिलं, आणि तिघे तान्ही बाळं झाले!

मला यातून एवढंच कळतं, की परक्याचा खर्च मोजला जातो, लेकराचा नाही. आईलाही दमायला होतंच, पण ती हिशोब ठेवत नाही.

हे फक्त पुराणात घडतं असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा ज्यांची स्वतःची घरं पडली होती, तीच माणसं शेजाऱ्याच्या घराची दगडमाती हातांनी उपसत होती.

आपण अनसूया नाही, सगळ्यांना सगळं देणं जमणार नाही. जमत नसेल तर नाही म्हणावं. पण बघून म्हणावं, नजर चोरून नाही.

दर्शन घेऊन उतरताना मी त्या पायरीपाशी थांबलो. आजी तिथे नव्हत्या. वर पोचल्या की तशाच खाली परतल्या, कुणास ठाऊक.

आजचा संकल्प : आज एकदा तरी, बिल बघायच्या आधी माणूस बघायचा.

उदो गं अंबे उदो!