सतराव्या अध्यायातलं पोर

मार्गशीर्ष लागला की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत घरोघरी, मठामठांतून गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात १७ वा अध्याय येतो, करवीरच्या मंदबुद्धी मुलाचा. नातवंडांच्या परीक्षेसाठी संकल्प सोडणारे पुष्कळजण तो विशेष भावाने वाचतात. मीही वाचत आलो. यंदा मात्र एक प्रश्न मनात आला, तो आपणा भक्तांपुढे ठेवतो : या कथेत आपण कुणाच्या जागी आहोत?

कथा आपल्याला ठाऊक आहे. वडील विद्वान, पण मुलाला विद्या येईना. आईबाप गेले. मुंज झाली तरी पाठ होईना. लोक हसू लागले, कुळाला बट्टा लावलास म्हणू लागले. पोर घर सोडून निघालं. भिलवडीला भुवनेश्वरीपुढे अन्नपाणी सोडून बसलं आणि शेवटी आपली जीभच देवीला वाहिली. देवीने दृष्टांत दिला : पैलतीरी औदुंबरातळी श्रीगुरू आहेत, त्यांच्याकडे जा. श्रीगुरूंनी मस्तकी हात ठेवला.

मुलाला विद्या आली, एवढंच आपण लक्षात ठेवतो. पण हात आधी ठेवला गेला, विद्या मागून आली. ‘शिकून ये, मग जवळ घेतो’ असं महाराज म्हणाले नाहीत.

आणि ते हसणारे लोक? आपण त्याच्या भल्यासाठीच बोलतोय, असंच त्यांना वाटत असणार. गेल्या वर्षी सहामाहीचे गुण पाहून मीही नातवाला म्हणालो, ‘तुझ्या बापाने चाळीत जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास केला. तू स्वतंत्र खोलीत बसून हे दिवे लावलेस?’ त्या रात्री तो जेवला नाही. पहाटे उठून क्लासला गेला. मला वाटलं, बोलणं लागू पडलं. सूनबाईंनी नंतर सांगितलं, तो महिनाभर धड झोपतच नव्हता. करवीरच्या त्या लोकांत मीही एक होतो.

कुणी म्हणेल, मग धाक नकोच का? हवा. पण धाक वेगळा, निंदा वेगळी. ‘हे गणित चुकलं, पुन्हा कर’ हा धाक. ‘तू वायाच गेलास’ ही निंदा. तिच्यात मुलाला सुधारायला जागाच उरत नाही. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही सूचना दिल्या : गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, १०० वा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमावा. शाळा-क्लासला न्यायालय सांगेल. घरात आपणच आपल्याला सांगायचं.

आणखी एक. देवी समर्थ होती, तरी तिने पैलतीराला पाठवलं. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, ‘मी नकोच’ असं बोलू लागलं, तर अंगारा जरूर लावावा. पण समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडेही न्यावं, त्याच दिवशी. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे. मराठीतही बोलता येतं. नापास झालंच, तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते.

जयंतीनंतर दोनेक महिन्यांत बोर्डाच्या परीक्षा. यंदा पारायणाची सांगता झाली की महाराजांकडे गुण मागण्याआधी नातवाजवळ जाऊन बसावं. अभ्यासाचं विचारू नये. डोक्यावर हात ठेवावा. निकालाची वाट कशाला पाहायची?

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!