उकरलेला रस्ता

एडिंबरो शहरात नव्या ट्रामची तयारी चालली होती, तेव्हा मी लीथ वॉक या रस्त्यावर पाव घ्यायला जात असे. २००७ साली नळ व तारा हलवण्यासाठी तेथे खणाखणी सुरू झाली. दुकानापुढे कुंपण आले, गिऱ्हाईक रोडावले. पाववाला कुरकुरला की मी शहाणपणाने म्हणे, "आजोबांनी आंबा लावावा, नातवाने फळ खावे, जगाची रीतच आहे!"

पुढे तंटे माजले, खर्च वाढला. ५४ कोटी ५० लाख पौंडांत न्यूहेवनपर्यंत जायची ट्राम ७७ कोटी ६० लाख खर्चून ३१ मे २०१४ रोजी सुरू झाली, ती यॉर्क प्लेसपर्यंतच. धूळ खाल्ली लीथ वॉकने, आणि गाडी त्याच्या तोंडाशीच थांबली! रस्ता पुन्हा उकरला गेला, आणि ७ जून २०२३ रोजी ती एकदाची न्यूहेवनला पोचली.

मी हौसेने तीत बसलो. पाववाल्याचे दुकान मधल्या काळात केव्हाच बंद झाले होते. त्याची जागा खिडकीतून दिसली, आणि माझा आंबा मला आठवला. आजोबा रोप लावतात ते आपल्या हाताने, आपल्या खुशीने. म्हणून तो त्याग. पाववाल्याला कोणी विचारले होते? स्वतः दिले तर ते दान. दुसऱ्याकडून घेतले तर ते कर्ज, मग घेणारे सारे शहर का असेना. ट्राम हवीच होती. पण तिकीट काढूनही माझ्याकडे काही देणे राहिले आहे, असे मला उतरेपर्यंत वाटत राहिले.