मुरणारं आणि न मुरणारं

सोल शहरातल्या मांगवॉन बाजारात एका आजीचं बानचानचं दुकान होतं. बानचान म्हणजे जेवणातली तोंडीलावणी. त्यातही तिची किमची जास्त खपायची. तिची नात ऑफिसातून दमून यायची आणि मोबाइलवर मालिका लावून बसायची. सोळा भाग, एकेक तासा-सव्वा तासाचा. सुरू केलेली मालिका अर्धवट सोडायची नाही, असा तिचा नेमच होता.

त्या रात्री दहावा भाग लागला होता. नायक बड्या उद्योगपतीचा वारस, नायिका कफल्लक. दोघं लहानपणी एकाच अपघातात सापडलेली, आणि हे सोडून बाकी सगळं त्यांना ठाऊक. सहाव्या भागात ट्रक आला, सातव्यात नायकाची स्मृती गेली. अधूनमधून सगळी मंडळी एकाच दुकानातलं सँडविच खात बसायची, कारण सँडविचवाल्यानं त्याचे पैसे मोजलेले. नात जांभयांवर जांभया देत होती.

"आवडत नाही तर बंद कर की," आजी म्हणाली.

"आता कशी करू? नऊ भाग बघून झालेत. आणि पुढे रंगली तर?"

आजी मिठातला कोबी बघत होती. तिनं एका पानाचा जाड देठ वाकवला. तो न मोडता लवला. दुसऱ्या टोपलीतला देठ कट्कन तुटला.

"हा मुरेल," ती म्हणाली. "हा दुसरा आत्ता मसाला लावून बरणीत भरला, तर कितीही दिवस ठेव, बुळबुळीतच होईल. पण अजून बाहेर आहे, तोवर मिठात ठेवता येतो."

"त्याचा माझ्या मालिकेशी काय संबंध?"

"तुझी मालिका बरणीत गेलीय."

आजीचं म्हणणं खरं होतं. २००३ साली ‘दे जांग गुम’ ही मालिका दर सोमवारी-मंगळवारी लागायची, तेव्हा इकडे भाग दिसत असताना तिकडे पुढचे लिहिले जात होते. किती घरांनी पाहिलं याचे आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. लोकांना गोडी लागली, म्हणून ठरलेल्या ५० भागांचे ५४ झाले. उलट प्रेक्षक पांगले की लेखक रातोरात कथा वळवायचे, आणि नटांच्या हाती संवादांचे ताजे कागद पडायचे. नटांचे हाल व्हायचे, पण बघणाऱ्याच्या आशेला काही आधार होता. २०१६ ची ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ मात्र पहिला भाग लागण्याआधीच पूर्ण चित्रित झाली होती, आणि आता कित्येक मालिका तशाच येतात. नातीच्या मालिकेचा सोळावा भागही कधीच तयार होऊन पडला होता. तिनं कितीही धीर धरला तरी त्यातलं एक वाक्य बदलणार नव्हतं. शिवाय दाखवणारी कंपनी मोजते ते पाहिलेले तास. जांभया देत काढलेला तास तिथं आनंदाच्या तासाइतकाच भरतो!

"वाट बघायची ती अजून घडतंय त्याची," आजी म्हणाली. "जे होऊन गेलंय ते चाखायचं. बेचव लागलं तर ताट सरकवायचं. गेलेले नऊ तास आणखी सात घालून परत येत नाहीत."

नातीनं जरा वेळ तोंड फुगवलं. मग ‘पुढे पाहा’च्या यादीतून ती मालिका काढून टाकली आणि आजीबरोबर कोबी धुवायला बसली. पुढच्या मालिकेला तिनं दोन भाग दिले आणि तीही सोडली; तिसरी मात्र तिला इतकी आवडली की सकाळी ऑफिसला उशीर झाला.

पण त्या पहिल्या मालिकेचा शेवट काय झाला ही रुखरुख होतीच. ऑफिसातल्या मैत्रिणीनं सोळाही भाग पाहिले होते, म्हणून तिला विचारलं.

"एक वर्षानंतर विमानतळावर भेटतात," मैत्रीण वैतागून म्हणाली. "डोकं उठलं नुसतं."

"मग आता काय बघतेस?"

"त्याच लेखिकेची नवी. पहिले चार भाग अगदीच टुकार आहेत, पण आता सुरू केलीय ना!"