संघ चालवायचा तर

संगणकावर फुटबॉलचा संघ चालवण्याचे खेळ नवे नाहीत. केविन टॉम्सचा ‘फुटबॉल मॅनेजर’ १९८२ साली इंग्लंडमध्ये आला. आज त्याच नावाने चालणाऱ्या दुसऱ्या मालिकेत खेळाडूचा वेग, पास, धीर असं सगळं १ ते २० या आकड्यांत मांडलेलं असतं. डिचोली आणि पेडण्यातल्या गावच्या संघांवर असा खेळ रचावा म्हणून मी आराखडा मांडायला बसलो, तेव्हा मैदानावरचा भाग सगळ्यात आधी उरकला.

सामन्याचं गणित तसं सुटसुटीत आहे. दोन्ही संघांच्या ताकदीवरून प्रत्येकाचे सरासरी किती गोल होतील ते धरायचं आणि पुढचं नशिबावर सोडायचं. एकाचे दीड, दुसऱ्याचा एक धरला, तर प्वासाँच्या सूत्राने दुबळा संघ चारांतला साधारण एक सामना जिंकतो, एक बरोबरीत सोडवतो. मैदानाच्या कडेला उभं राहून ज्याने फुटबॉल पाहिला आहे, त्याला हे पटेल.

कठीण आहे ते अकरा जण जमवणं. गावच्या संघाची वही काही वर्षं माझ्याकडे होती. बचावफळीतला भरवशाचा मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीवर असायचा. पेडण्याकडून येणारा स्ट्रायकर मोरजीला शॅकवर कामाला; पर्यटकांचा मोसम ऑक्टोबरमध्ये सुरू झाला की तो संध्याकाळी सुटणं अशक्य. शिरगावच्या लईराईच्या जत्रेआधी धोंडांचं व्रत असतं. व्रत धरलेला मुलगा सरावाला येत नाही आणि त्याला कोणी बोलावतही नाही. पेडण्याच्या पुनवेला सामना ठेवला, तर मैदानात पंचच तेवढे दिसतील. म्हणून माझ्या आराखड्यात प्रत्येक खेळाडूपुढे पंचांग आणि पोटापाण्याचं काम असे दोन रकाने आहेत. कौशल्याच्या आकड्यांपेक्षा मी त्यांना जास्त वजन दिलं आहे.

पैशाचा रकाना याहून अवघड. आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचं, म्हणजे २००७-०८ ते २०१२-१३, विजेतेपद गोव्यात आलं: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. धेंपो आणि साळगावकर ही घराणी मोठी झाली ती खाणींवर. साखळीची सेसा अकादमीही खाण कंपनीचीच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. डिचोली तालुक्यात टिपर दारात उभे राहिले आणि कालपर्यंत गावच्या मुलांना जर्सी घेऊन देणारा टिपरमालक बँकेचे हप्ते कसे भरायचे या विवंचनेत पडला. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली. त्याचं कारण मात्र वेगळं होतं: राष्ट्रीय महासंघ लीगची उतरंडच बदलायला निघाला होता.

बाजारातल्या खेळांत नियम पक्के असतात. जिंकत राहिलात तर वर चढता. आपल्याकडे शिडीच हलते. तेव्हा माझ्या खेळात मालकाचा धंदा एखाद्या वर्षी अचानक बंद पडेल, कधी महासंघ मधेच लीग बदलेल. असला खेळ खेळणार कोण, असं मला विचारतात. ज्याने संघ चालवला आहे, तो खेळेल. त्यात चषकाला गुण आहेत, पण सर्वाधिक गुण आहेत ते दहा हंगामांनंतरही संघ मैदानात उतरवण्याला. वास्तवाला धरून खेळ करायचा तर गुणांची मांडणी अशीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

डिचोली-पेडण्यातल्या क्लबांच्या सचिवांना एक विनंती: जुन्या हिशेबाच्या वह्या रद्दीत घालू नका. कोणत्या रविवारी किती जण आले, टेम्पोचं भाडं कोणी दिलं, पंचांचं मानधन कधी थकलं, एवढं त्यांत सापडलं तरी हा खेळ उभा राहील.