हुकूम मोठ्यांचा, हात मुलाचे

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ साली, जॉन क्लेम नावाचा नऊ वर्षांचा मुलगा घरातून पळाला आणि पुढे एका पलटणीत ढोल वाजवू लागला. अशी मुलं दोन्ही बाजूंना होती. त्यांच्या ठोक्यांवर पलटण उठायची, जेवायची, पुढे सरकायची. लढाई थांबली की हीच पोरं जखमींना उचलून आणायची, डॉक्टरांच्या हाताखाली राबायची. क्लेम जगला, १९१५ साली मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, म्हणून त्याची शौर्यकथा झाली.

ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या हाती बंदूक नसली, म्हणजे तो लढाईत नव्हता, ही मोठ्यांनी स्वतःसाठी करून घेतलेली सोय आहे. मारण्याचा हुकूम त्याच्याच हातून पुढे जात होता.

ही झाली अमेरिकेची गोष्ट; आपल्या बीडला यादवी कुठे झाली, असं कुणी विचारेल. १९४७-४८मध्ये झाली. आपण त्या काळाला मुक्तिसंग्राम म्हणतो आणि ते नाव रास्तच आहे. हैदराबादच्या निजामाची राजवट आणि तिच्या पाठीराख्या रझाकारांचे जुलूम यांविरुद्धचा तो लढा होता. त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते. पण गावागावांत शेजारी शेजाऱ्यावर उठला, हेही तितकंच खरं. आधी रझाकारांनी लुटालूट, जाळपोळ केली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईत राजवट कोसळली आणि मग सूड निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बीड, औरंगाबाद, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याचा आकडा याहून कितीतरी मोठा. मुलं आईबापांपासून तुटली, हेही समितीने नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

या सगळ्यात मूल कुठे होतं? आपल्याकडे पलटणीचा ढोल नव्हता, गावाची हलगी होती. चावडीचा हुकूम दवंडीने वस्तीवस्तीत पोचायचा. हलगी गावकुसाबाहेरच्या घरांकडे असायची आणि पोरगा बापाच्या मागे फिरतच ती शिकायचा. हुकूम कुणाचा, कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार बापालाच नव्हता, तिथे पोराला कुठला! १९४८ साली तो काय वाजवत होता आणि त्याने काय पाहिलं, हे कुणी लिहून ठेवलेलं मला दिसत नाही. जातीने त्याला वाजवायला लावलं आणि जातीनेच त्याची साक्ष कवडीमोल ठरवली. क्लेमला निदान नाव मिळालं.

आज अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २००५ साली मान्य केला. कायद्याला लढणारं मूल दिसतं. निरोप नेणारं, दवंडी पिटणारं, लपवलेलं, हरवलेलं मूल मात्र आपणच शोधायला हवं.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडावंदन होतं, भाषणं होतात. ती व्हावीतच. पण त्याच दिवशी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांकडे शिक्षकांनी मुलांना पाठवावं, आणि फक्त हिंदू वाड्यांत नव्हे, मुसलमान मोहल्ल्यात आणि दलित वस्तीतही. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आज पंचाऐंशी ओलांडून गेली आहेत. हे काम पुढच्या दशकावर टाकता येणार नाही.