अंगण आपले, धूर कुणाचा?

घर आपले, अंगण आपले, गाडी आपल्या नावावर, पैसा आपल्या कष्टाचा. मग त्या गाडीला कोणता सायलेन्सर लावायचा हे विचारणारे तुम्ही कोण? जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर पिकअप, टेम्पो आणि ट्रक चालवणाऱ्या तरुणांच्या तोंडून हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो उद्धट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. आम्हाला मात्र त्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते. कारण मालकाचा हक्क कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा हक्क कुठे सुरू होतो, हा नीतीचा जुनाच प्रश्न त्यात आहे.

आधी त्या तरुणाची बाजू समजून घेऊ. आपल्याकडचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. चार महिने चिखल आणि पाणी खाल्लेला सायलेन्सर गंजतो, त्याला भोके पडतात, जोड सुटतात. कंपनीचा नवा भाग महाग. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचे तर घाट उतरून महामार्गाकडे जा, नाहीतर त्र्यंबक ओलांडून नाशिक गाठा. तेवढे दिवस गाडी उभी राहिली तर भाडे बुडते, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून गाडी अंगणात जॅकवर चढते, चाकांना दगड लागतात, गंजलेले बोल्ट रॉकेल-तेल पाजून सोडवले जातात आणि बाजारातून आणलेला सायलेन्सर नव्या गॅस्केटने, क्लॅम्पने, जरूर पडली तर वेल्डिंगने बसवला जातो.

यात आम्हाला काहीही गैर दिसत नाही. उलट ही हिकमत आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुले शाळा अर्धवट सुटल्यावर गॅरेजमध्येच शिकली आणि त्या हुन्नरावर त्यांनी घरे उभी केली. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ओल्या मातीत नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी. स्वतःच्या जिवाचाही आपल्यावर हक्क असतो.

प्रश्न उभा राहतो तो पुढे. दुरुस्तीच्या नावाखाली जुना सायलेन्सर जातो आणि त्याच्या जागी आतून पोकळ, सरळ नळी येते. "उस्ताद, आतले सगळे काढून टाका, गाडी मोकळी पळेल," असे मालक म्हणतो आणि उस्ताद कटर उचलतो. भाग कंपनीचा की बाजारातला, हा वाद इथे गौण आहे. बाजारातल्या सायलेन्सरमध्येही कप्पे आणि भोकांच्या नळ्या असतील, तो आवाज दाबत असेल, तर त्याने आपले काम केले. काम कशाचे, हा खरा मुद्दा आहे.

गाडीचा एकेक भाग आठवून पाहा. ब्रेक चालकाचा जीव वाचवतो. दिवा त्याला वाट दाखवतो. हॉर्न त्याचे म्हणणे पुढच्याला सांगतो. सायलेन्सर चालकाला काय देतो? जवळजवळ काहीच नाही. तो असतो रस्त्याकडेला चालणाऱ्यासाठी, घरात झोपलेल्यासाठी, मागून येणाऱ्यासाठी. संपूर्ण गाडीत केवळ दुसऱ्यांचा विचार करून बसवलेला हा भाग आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 120 वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. त्याच नियमांतला 112 वा नियम सांगतो की धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये. डावीकडेच का नको? आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि माणसेही त्याच कडेला असतात. नियमांच्या कोरड्या भाषेत पायी चालणाऱ्याची अशी आठवण ठेवलेली आहे. ती आपण विसरावी काय?

सरळ नळीने घाटात ताकद वाढते, असे सांगितले जाते. थोडाफार फरक एखाद्या इंजिनात पडतही असेल. परंतु चढावर गाडी दमते ती बहुधा जादा मालाने आणि चुकीच्या गिअरने. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, एवढेच. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेल गाड्यांत तर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी गाळणी आणि सेन्सर बसवलेले असतात. ते तोडले की इंजिनाचे गणित बिघडते आणि अडवलेली काजळी पुन्हा हवेत जाते.

ही हवा कुणाची? मोखाड्याच्या पाड्यांवर रात्री इतकी शांतता असते की दरीपलीकडची गाडीही ऐकू येते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवली आहे. या मोजमापात आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 55 हा आकडा "थोडा जास्त" नव्हे. दिवाळीनंतर इथली आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे निघतात, तेव्हा पिकअपच्या हौद्यात, धुराच्या सर्वांत जवळ तीच बसलेली असतात, मांडीवर लेकरे घेऊन. याच जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी 1992 मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे देशाला माहीत झाले. अशक्त देहाने आयुष्य सुरू करणाऱ्या मुलांच्या छातीत आणखी काजळी भरण्याचा हक्क आपल्याला कोणत्या कागदाने दिला? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. त्या मुलांनी भाड्यात सूट मागितली नव्हती, की धूरही मागितला नव्हता.

आपल्या फिकहला हा प्रश्न नवा नाही. उस्मानी सल्तनतीत 1869 ते 1876 या काळात 'मजल्ला' ही कायदेसंहिता तयार झाली. तिचे 1200 वे कलम शेजाऱ्याला होणाऱ्या मोठ्या नुकसानाबद्दल आहे. लोहाराच्या घणाने शेजारचे घर खिळखिळे होणे आणि भट्टीच्या धुराने शेजाऱ्याला घरात राहणे अशक्य होणे, ही तिथली उदाहरणे आहेत. लोहार आपल्याच जागेत घण मारतो, भट्टी आपल्याच जमिनीवर असते. तरीही नुकसान थांबवावेच लागते. जमिनीला हद्द असते, धुराला नसते. म्हणून धुराच्या बाबतीत मालकीचा दाखला पुरेसा ठरत नाही. आणि सूरह लुकमानमधला बाप आपल्या मुलाला चालीत मध्यमपणा आणि आवाजात नरमाई शिकवतो, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती शिकवण फक्त घशाच्या आवाजापुरती मानायची काय?

तरुणांच्या या हौसेमागे आणखी एक गोष्ट आहे, ती उपहासाने बोलण्याची नाही. ज्याला बँकेत, कचेरीत, बाजारात कुणी दखल घेण्याजोगा मानत नाही, त्याला आपली गाडी येताच सगळा नाका वळून पाहतो यात समाधान वाटते. ही भूक खरी आहे. परंतु नाका वळून पाहतो तो वैतागाने. इज्जत आणि दहशत यांत फरक आहे. घाटात बंद पडलेली परक्याची गाडी सुरू करून देणाऱ्या चालकाचे नाव चार गावांत निघते, त्याला मोठ्या आवाजाची गरज लागत नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे, पण दूर आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ध्वनी आणि धुराची मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. पुणे-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला आहे. परंतु सूर्यमाळच्या वळणावर रात्री कोण उभे असणार? पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीचा धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत. जिथे कायद्याचा हात पोचत नाही, तिथेच माणसाच्या नीतीची कसोटी लागते.

ही कसोटी मालकाइतकीच कारागिराचीही आहे. "मी नाही केले तर शेजारचा करील," हे उस्तादाचे म्हणणे खोटे नाही. पण शेजाऱ्याच्या हाताचा हिशेब शेजाऱ्याकडे, आपल्या हाताचा आपल्याकडे. शिवाय पोट भरण्याचा दुसरा रस्ता त्याच्या हातातच आहे. गंजलेला सायलेन्सर कापून आतल्या जाळ्या नव्या घालणे, भोके पत्र्याने बुजवणे, जोड घट्ट करणे, हेही गॅरेजचेच काम आहे, त्याचीही मजुरी मिळते आणि ती खाताना मन टोचत नाही.

आता एक शब्द आपल्या सर्वांसाठी. आवाजाचा न्याय निवडक असू शकत नाही. भोंगे लावणे हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये म्हटले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. नियम फक्त आमच्याच दारात का, हा सवाल आपण करतो आणि तो करण्याचा आपल्याला अधिकार आहे. मिरवणुकीच्या डीजेलाही तोच नियम हवा. परंतु हा सवाल करणाऱ्याच्या अंगणातला टेम्पो रात्री दोन वाजता मोहल्ला जागा करीत असेल, तर त्याच्या सवालातले वजन निघून जाते. न्याय मागणाऱ्याला आधी स्वतःच्या दारापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे: बाबा, सायलेन्सर तुझा, अंगण तुझे, हुन्नर तुझा. सगळे मान्य. हवे तर घरी बसव, स्वस्तातला बसव, आमची हरकत नाही. पण गाडी सुरू केल्यावर मागे जे उरते ते तुझे राहत नाही. ते ज्याच्या छातीत आणि कानात जाते, त्याला विचारल्याशिवाय तू ते देतो आहेस. घेणाऱ्याला नको म्हणण्याची सोय नाही. तेव्हा देणाऱ्यानेच हात आखडावा.