निखारे आणि नजर

एका जाडजूड चित्रग्रंथात संत लॉरेन्सच्या हौतात्म्याचं चित्र आहे. इटलीच्या मार्कान्तोनिओ रायमोन्दीने ते 1525 च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. मूळ रेखाटन बान्दिनेल्लीचं. कितीतरी वेळ मी ते बघत बसले. पिळदार पाठी, ताणलेले दंड, सगळं नुसत्या रेघांनी उभं केलेलं. काय हात आहे माणसाचा, असं मनात म्हणतेय तोच शेजारची नात म्हणाली, "आज्जी, त्याला भाजतायत ना गं?"

मी चपापले. मधोमध लोखंडी जाळीवरचा माणूस मला दिसला नव्हता असं नाही. पण तो भाजला जातोय हे मनापर्यंत पोचलंच नव्हतं.

लॉरेन्स हा रोममधल्या चर्चचा सेवक. इ. स. 258 मध्ये त्याचा वध झाला. कथा अशी सांगतात की, अधिकाऱ्याने चर्चची संपत्ती मागितली तेव्हा त्याने ती गरिबांत वाटून टाकली आणि गोरगरिबांनाच पुढे उभं केलं: हीच आमची संपत्ती! या चित्राबद्दल वसारीने लिहून ठेवलेली हकीकतही मोठी बोलकी आहे. मार्कान्तोनिओ आपलं रेखाटन बिघडवतोय, अशी तक्रार बान्दिनेल्लीने पोप क्लेमेंट सातवे यांच्याकडे केली. पोपनी दोन्ही ताडून पाहिलं आणि कोरणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे तिथेही वाद रेघांचाच!

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी हिंसा लागते. मग हिंसेच्या चित्राला 'वा!' म्हणणं ही अनुमोदना झाली का? यशोधर राजाने तर पिठाचाच कोंबडा बळी दिला. तरी त्याला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागलं. रक्ताचा थेंब सांडला नव्हता, पण भाव मारण्याचा होता.

कोरणाऱ्याचा भाव तसा होता, असं मी म्हणणार नाही. आपणही मुलांना गजकुमार मुनींची गोष्ट सांगतोच की. सासऱ्याने डोक्यावर निखारे ठेवले, मुनी ध्यानातून ढळले नाहीत. वेदना लपवली तर समताही दिसणार नाही. म्हणून असं चित्र काढणं किंवा बघणं हेच पाप, हे काही मला पटत नाही.

पण माझा त्या दुपारचा भाव कुठला होता? मारायचा नव्हता, खरं. पण करुणेचाही नव्हता. त्या चित्रात छळ बघायला जमलेले लोकही आहेत. नातीने विचारेपर्यंत मी त्यांच्यातच उभी होते, फक्त जरा रसिकपणे. आणि मग शंका आली, गजकुमारांची गोष्ट रंगवून सांगताना तरी माझं लक्ष मुनींकडे असतं, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही याकडे?

नातीला म्हटलं, "हो गं, भाजतायत." मग तिला आधी गरिबांची गोष्ट सांगितली. ते गरीब काही त्या चित्रात नाहीत. रेघांचं कौतुक नंतर केलं. केलं मात्र, खोटं कशाला बोलू!